ईयोब: मराठी बायबलमधलं दुःखाचं पुस्तक

देव न्यायी असेल तर निर्दोष माणसाच्या वाट्याला दुःख का, हा प्रश्न सलत असेल तर मराठी बायबलमधला ‘ईयोब’ वाचायला घ्याच. 42 अध्याय आहेत. सलग वाचलात तर 4 ते 27 मध्ये दमछाक होते, कारण ईयोबाच्या तीन मित्रांचं पालुपद एकच: तू भोगतोयस म्हणजे पाप केलंच असशील. म्हणून आधी 1 ते 3, मग 38 ते 42, आणि त्यानंतर मधला वाद. अध्याय 25 अवघ्या 6 वचनांचा आहे आणि बाकी दोघा मित्रांची तीन-तीन भाषणं असताना सोफर या मित्राला तिसरं भाषणच नाही. ही छपाईची चूक नव्हे, हिब्रू पाठातही तसंच आहे.

दहा मुलं, मेंढरं आणि आरोग्य गमावून राखेत बसलेला, खापरीने अंग खाजवणारा ईयोब, शेजारी सात दिवस सात रात्री मुकाट बसलेले मित्र. ते खरे सोबती तेवढेच दिवस. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. 42:7 मध्ये देव रागावतो तो त्यांच्यावरच.

‘का’ याचं उत्तर ईयोबाला मिळत नाही. देव वावटळीतून उलट प्रश्नच विचारतो. शेवटी 7,000 मेंढरांची 14,000 होतात, मुलं मात्र पुन्हा दहाच. गेलेली दहा परत येत नाहीत. नुकतंच माणूस गमावलेल्या घरी हे पुस्तक देऊ नका, नुसते जाऊन बसा.