प्रोग्रेसिव्ह चष्मा, आठ महिन्यांनंतर: नंबर बरोबर होता, बसवणं चुकलं होतं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आधी लेथवर आणि आता तपासणीच्या टेबलावर मिळून माझी बावीस वर्षं गेली. दिवसभर व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायची साधनं, हातात. लांबचा मायनस नंबर होताच, त्यात चाळिशी लागली, म्हणून एका मोठ्या दुकानातून चांगले पैसे मोजून प्रोग्रेसिव्ह काचा घेतल्या. वर लांबचं, मध्ये हातभर अंतरावरचं, खाली जवळचं. आठवड्याभरात मान धरली. व्हर्नियरची रेघ वाचायला हनुवटी वर करावी लागायची आणि संध्याकाळी डोकं ठणकायचं. दुकानात तीनदा गेलो. तिन्ही वेळा नंबर तपासला, बरोबर निघाला, आणि "सवय होईल" म्हणून परत पाठवलं. दोन महिने मी सवय लावून घेत होतो.

मग कामावरच्या जोडीदारानं महाद्वार रोडजवळच्या एका जुन्या चष्मेवाल्या काकांकडं नेलं. त्यांनी नंबर विचारलाच नाही. काचेवर तोंडाची वाफ दिली. वाफेत दोन बारीक गोल खुणा उमटल्या, एकमेकींपासून 34 मिलिमीटरवर. प्रोग्रेसिव्हच्या प्रत्येक काचेवर अशा खुणा कोरलेल्या असतात, एरवी नजरेला पडत नाहीत. त्यावर पेनानं ठिपके दिले, काच छापील तक्त्यावर ठेवून बाहुलीसमोर यायला हवी ती खूण काढली, आणि चष्मा माझ्या डोळ्यावर चढवून आरसा पुढं केला. खूण बाहुलीच्या चार मिलिमीटर खाली होती.

"पाव्हणं, नंबर बरोबर हाय. काच तेवढी डोळ्यासमोर न्हाई," काका म्हणाले.

आमच्याकडं मिलिमीटरचे दोन शतांश जास्त निघाले तर जॉब, म्हणजे घडवलेला भाग, परत जातो. इथं चार मिलिमीटर चुकीची वस्तू मी दोन महिने तोंडावर वागवत होतो.

कारणं दोन निघाली. फ्रेम रुंद होती आणि प्लास्टिकची, नाकावरचा भाग एकसंध, त्यामुळं ती घसरायची आणि तिथं काही वाकवताही येत नव्हतं. दुसरं, पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, 64 धरून दोन्हीकडं 32-32 वाटून टाकलं होतं. माझं खरं माप उजवीकडं 33 आणि डावीकडं 31. साध्या काचेत एवढा फरक कदाचित खपून गेला असता. प्रोग्रेसिव्हमध्ये मधली स्पष्ट दिसणारी पट्टी अरुंद असते, तिथं एक मिलिमीटरही जाणवतो.

नवा चष्मा करून घेतला. फ्रेम धातूची, नोज पॅडवाली. काडीच्या आतल्या बाजूला 51, 19, 145 असे आकडे आहेत: काचेची रुंदी, दोन काचांमधलं अंतर, काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. जुन्या फ्रेमवर 55 आणि 17 होतं. मला सगळ्यात पटलं ते कामाचा क्रम. काकांनी आधी रिकामी फ्रेम माझ्या तोंडावर नीट बसवली. पॅड किंचित जवळ घेतले, तशी फ्रेम वर चढली. खालची कड गालाकडं थोडी झुकवली, पण गालाला टेकू दिली नाही. काडीचं टोक गरम हवेवर धरून कानाचा वरचा भाग जिथं संपतो बरोबर तिथून खाली वळवलं. फ्रेम हलायची थांबली, तेव्हाच समोर बसून नकली काचेवर बाहुल्यांच्या खुणा केल्या. आधीच्या दुकानात उंचीची खूण कुणी केलीच नव्हती.

एक गोष्ट माझ्या पेशामुळं मनात राहिली. घरी आणल्यावर मी चष्मा काड्या उघडून काचेच्या टेबलावर ठेवला, तर एक काडी वर उचललेली. दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन गेलो. काकांनी माझे दोन्ही कान दाखवले, डावा जरा खाली आहे. टेबलावर सपाट बसणारा चष्मा माझ्या तोंडावर तिरका बसला असता.

डोकेदुखी चार दिवसांत गेली, मान पंधरा दिवसांनी मोकळी झाली. जोतिबाच्या डोंगरावर पायऱ्या उतरताना पहिल्यांदा पाय चाचपडला, कारण खालच्या भागातून पायरी धूसर दिसते. तिथं डोळे नव्हे, मानच खाली करायची. उन्हाळ्यात घामानं पॅड पिवळे पडले, पाचव्या महिन्यात बदलले. हेल्मेट घालण्याआधी आणि काढण्याआधी चष्मा काढतो, तोही दोन्ही हातांनी. एका हातानं ओढला की काडी फाकते. शर्टाच्या टोकानं पुसणं बंद केलं. आमच्याकडं हवेत लोखंडाची भुकटी असते, म्हणून आधी पाण्याखाली धरायचा, मग पुसायचा.

अजून खटकतं ते एवढंच, की वरच्या फळीवरचे गेजचे आकडे वाचता येत नाहीत, कारण तिथं काचेचा लांबचा भाग येतो. त्यासाठी वाचनाचा साधा चष्मा खणात ठेवलाय. आणि कडेला धूसर दिसतं ते दिसतंच.

दर दोन महिन्यांनी काकांकडं पाच मिनिटं जाऊन काड्या आणि स्क्रू बघून घेतो. या रविवारी आईचा चष्माही नेतोय. उजवी काडी कानामागं रुतते, असं ती वर्षभर सांगत होती, आणि मी तिला सवय होईल म्हणत होतो.