मन खचलं की कुठं जावं? गोंदवलं, गावातलं भजन, की समुपदेशकाची खोली

घरातलं माणूस गेलं, मुलीचं लग्न मोडलं, काढणीला आलेल्या द्राक्षबागेवर अवकाळी पाऊस झाला, की आपल्या सातारा-सांगलीकडं पहिला सल्ला ठरलेला: "गोंदवल्याला जाऊन या, बरं वाटेल." घरातली शिकलेली पोरं म्हणतात, "काउन्सेलरला दाखवा." दोघंही मनापासून सांगतात आणि ज्याला सांगतात तो आहे तिथंच बसून राहतो.

देव की डॉक्टर असा वाद घालून या माणसाचं काही भलं होत नाही. माझ्या मते आधी एवढंच बघावं: त्याला कुणाशी तरी बोलायचंय, की कुणी काहीच विचारू नये असं वाटतंय? की दु:ख मनातलं कमी आणि शरीरातलं जास्त आहे: झोप नाही, भूक नाही, अंगात त्राण नाही? उत्तराप्रमाणं जागा बदलते.

जिथं कुणी काही विचारत नाही

गोंदवले बुद्रुक हे माण तालुक्यातलं, सातारा-पंढरपूर रस्त्यावरचं गाव. ब्रह्मचैतन्य महाराजांनी 1913 साली इथंच देह ठेवला. त्यांची सगळी शिकवण रामनामात आली: 'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरांचा जप, बस्स. त्याला भटजी लागत नाही, सामग्री लागत नाही, मुहूर्त लागत नाही. खचलेल्या माणसासाठी ही फार मोठी सोय आहे. ज्याचं डोकं एका ओळीवर टिकत नाही त्याच्या हातात जाडजूड पोथी देणं म्हणजे शिक्षाच. तेरा अक्षरं मात्र तो पुटपुटू शकतो, रडत रडतसुद्धा.

माझ्या लेखी गोंदवल्याचं खरं औषध समाधीइतकंच पंगतीत आणि सेवेत आहे. शेजारी बसलेला कलेक्टर आहे की कर्जबाजारी, हे कुणी विचारत नाही. वाढपी "अजून घ्या" म्हणतो आणि पुढं सरकतो. भाजी निवडायला बसलात तर गवारीच्या ढिगापुढं चार बायकांत एखादी अशी असते, की जिचा नवरा दोन महिन्यांपूर्वी गेलाय, आणि बाकी तिघींना ते ठाऊकही नसतं. घरी तिला येणाऱ्या प्रत्येकाला तीच कहाणी पहिल्यापासून सांगावी लागत होती. इथं ती फक्त शेंगांच्या शिरा काढते. 'काय झालं, कसं झालं' या प्रश्नांनी जो माणूस थकलाय, त्याला मी डोळे झाकून गोंदवलं सुचवेन. फक्त मार्गशीर्षातल्या पुण्यतिथीच्या उत्सवात नको. तेव्हा गर्दीत एकांत सापडत नाही.

तोटा असा, की तिथून एसटीनं घरी परतलं की तीच खोली, तीच रिकामी खुर्ची. नाम सोबत येतं, पंगत येत नाही. आणि ज्याला एकटं सोडायची भीती वाटते, अशा माणसाला "तेवढंच मन रमेल" म्हणून एकट्यानं तिथं धाडू नये.

सज्जनगडाचा स्वभाव वेगळा. साताऱ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटर, 1682 साली समाधिस्थ झालेल्या समर्थांची जागा. गाडीरस्ता संपल्यावर पायऱ्या चढाव्याच लागतात, आणि मला विचाराल तर तोच फायदा आहे. राग आणि अपमान घेऊन फिरणाऱ्या तरुण माणसाला जप करत बसवण्यापेक्षा गड चढवलेला बरा. वर गेल्यावर उरमोडीचं पाणी दिसतं, वारा अंगावर येतो, आणि भूक लागते. गुडघे दुखणाऱ्या आजींना मात्र आग्रह करू नये. पावसाळ्यात रविवारी ठोसेघरला निघालेल्या सहलीच्या गाड्या याच वाटेवर असतात, तेव्हा मधला वार बघा.

सांगलीकरांना औदुंबर जवळ. पलूस तालुक्यात कृष्णेकाठी दत्ताचं ठाणं, पैलतीरावर भुवनेश्वरी. संध्याकाळी घाटावर बसलं की निम्म्या लोकांचं मन हलकं होतं. निम्म्या म्हणतोय, कारण 2019 च्या पुरात ज्यांची घरं, गोठे, जनावरं गेली त्यांना त्याच नदीकडं बघून शांत वाटेलच असं नाही. देऊळही दर मोठ्या पुरात पाण्याखाली जातं. अशा माणसाला "कृष्णामाईच्या पाया पड" म्हणण्याआधी, पावसाचा आवाज आला की तो दचकतो का, हे बघावं.

मिरजेच्या मिरासाहेब दर्ग्यात हिंदू-मुसलमान दोघंही जातात. शब्दांनी ज्याचं समाधान होत नाही त्यानं उरुसातली संगीतसभा एकदा ऐकावी. बौद्ध घरांत रविवारची विहारातली वंदना हाच आधार असतो, आणि तो कमी लेखू नये. दहा दिवसांची विपश्यना हल्ली कुणीही कुणालाही सुचवतं. शिबिराचे पैसे घेत नाहीत, शिस्त कडक, बोलणं बंद, पहाटे चारला उठायचं. धडधाकट मनासाठी ठीक. पण घाव ताजा असताना दहा दिवस आपल्याच डोक्यासोबत कोंडून घेणं सगळ्यांना झेपत नाही. मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर अर्जात तसं स्पष्ट लिहा आणि आधी डॉक्टरांना विचारा.

जिथं माणसं आपल्याकडं येतात

याची किंमत आपल्याला कळत नाही, कारण ते फुकट आहे आणि दारात आहे. मौतीच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारून येणारी कडू घासाची पिठलं-भाकरी, सावडायला जमलेली भावकी, दिवस होईपर्यंत रोज रात्री ओसरीवर होणारं भजन. आपल्याकडची आपत्कालीन व्यवस्था ती हीच. बायको गेलेला म्हातारा दिवसभर गप्प असतो. रात्री कुणी तरी त्याच्या हातात टाळ देतं आणि तो ठेका धरतो. बोलावं लागत नाही, पण एकटंही राहावं लागत नाही. गोंदवलं आणि समुपदेशक, दोन्हीला हे जमत नाही.

पण ही व्यवस्था तेराव्याला थांबते. पाव्हणे जातात, भजन आवरतं, आणि खरं दु:ख चौदाव्या दिवसापासून सुरू होतं. शिवाय तिची दारं सगळ्या दु:खांना सारखी उघडी नाहीत. नवरा वारला तर गाव गोळा होतो. नवऱ्यानं टाकलं, पोटातलं बाळ गेलं, पोरगा स्पर्धा परीक्षेत चौथ्यांदा नापास झाला, यासाठी ओसरीवर भजन बसत नाही. उलट पारावर चर्चा बसते. असं दु:ख असेल तर गावावर विसंबू नका, बाहेरचा कान शोधा.

जिथं विचारतात

तो बाहेरचा कान म्हणजे समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ. समुपदेशक बोलून मदत करतो. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर, तो औषध देऊ शकतो. पहिल्या भेटीत झोप, भूक, काम, व्यसन, घरात पूर्वी कुणाला असं झालं होतं का, हे विचारतात. "मरणाचे विचार येतात का?" हेही विचारतात. घाबरू नका. विचारल्यानं विचार मनात येत नाहीत; असलेले बाहेर येतात.

दु:ख आणि नैराश्य यांत फरक आहे. दु:ख लाटांसारखं येतं. मध्येच नातवाच्या बोलण्यावर हसूही येतं. नैराश्यात ते हसू येत नाही. दोन आठवडे रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास, कशातच गोडी नाही, पहाटे तीनला जाग, 'माझ्यामुळंच झालं' ही टोचणी, अशी अवस्था असेल तर देवदर्शन जरूर करा, पण डॉक्टरांकडं जाणं लांबवू नका. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आपल्याकडं आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून बंद करतात, नाहीतर दुसऱ्या महिन्यात "आता बरं वाटतंय" म्हणून. दोन्ही चूक. बरं वाटल्यावरही त्या साधारण सहा महिने किंवा अधिक चालू ठेवायच्या असतात आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच हळूहळू कमी करायच्या असतात. "सवय लागते" ही भीती बहुतेक वेळा झोपेच्या गोळ्यांवरून आलेली असते. ही औषधं वेगळी.

सांगली-मिरजेच्या आणि साताऱ्याच्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराचा विभाग आहे. केसपेपर काढायचा आणि थांबायचं. तोटा उघड आहे: रांग, घाईची तपासणी, आणि बाकावर नेमकं ओळखीचं कुणी भेटायची धास्ती. त्या धास्तीपोटी लोक थेट पुणं गाठतात. दोन फेऱ्या होतात, तिसरी होत नाही. मी तरी म्हणेन, दर महिन्याला गाठता येईल असा जवळचा डॉक्टर पुण्यातल्या नावाजलेल्या डॉक्टरपेक्षा बरा.

कुठंच जायचं नसेल त्याला 14416 हा टेली-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत, दिवसरात्र आणि मराठीतही आहे. चेहरा दिसत नाही, हा इथं गुणच.

दारूचं घर असेल तर

इथं मला थोडं जास्त सांगायचंय, कारण इथली चूक जिवावर बेतते. दारूड्याला माळ घालायची, नाहीतर देवासमोर शपथ घ्यायला लावायची, ही जुनी रीत. माळेनं अनेकांची सुटलीही आहे. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात बंद केली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, फिट येऊ शकते, माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो, नसलेल्या गोष्टी दिसतात. घरचे म्हणतात, "बाहेरचं काही तरी झालं," आणि देवऋषाकडं नेतात. ते बाहेरचं नसतं, दारू तुटल्याचं असतं, आणि त्याला दवाखाना लागतो. म्हणून आधी डॉक्टर, मग माळ. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली 'परिवर्तन' ही संस्था व्यसनमुक्तीचं काम करते. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचे गट, त्यांच्या बैठकांत फी नसते, आडनाव कुणी विचारत नाही. बायको-मुलांसाठी अल-अनॉन हे वेगळे गट असतात. नवरा यायला तयार नसला तरी बायको एकटी जाऊ शकते.

देवऋषाचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. श्रद्धेच्या जागा आणि भोंदूचं दुकान यांतला फरक ओळखायला फार अक्कल लागत नाही. गोंदवल्यात कुणी "गोळ्या बंद कर" म्हणत नाही. जो म्हणतो, जो करणी कुणी केली त्या जावेचं नाव सांगतो, जो उतारा करायला आकडा सांगतो, त्याच्या दारातून माघारी फिरा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. पोलिसांत तक्रार करता येते.

कर्जाचं ओझं असेल तर देऊळ आणि डॉक्टर दोन्ही अर्धेच पुरतात. सोसायटी, बँक, दुकानदाराची उधारी, हातउसने, सगळं एका वहीत उतरवून हिशेब कळणाऱ्या माणसासोबत बसा. आणि त्या घरातली फवारणीची औषधं काही दिवस दुसरीकडं, कुलपात ठेवा. भांडण न करता, गुपचूप नव्हे तर सांगून.

आपलं माणूस कुठंच यायला तयार नसेल, तर 14416 वर तुम्ही स्वत: फोन करून कसं वागावं हे विचारू शकता, घरच्यांचेही फोन तिथं घेतात. जीव द्यायची भाषा चालू असेल तर मात्र त्याला एकटं ठेवू नका, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत चालू गोळ्यांची पाकिटं, असला तर जुना केसपेपर, आणि तो ज्याचं ऐकतो असं एक माणूस घ्या. मग तो भजनी मंडळातला विणेकरी असला तरी चालेल.