आयर्न ऑक्साइड की ॲल्युमिना? क्लस्टर बसवायला पाया निवडताना

पावसाळ्यात पुण्यातल्या पाषाणच्या प्रयोगशाळेत व्हॅक्यूम चेंबर उघडलं की दमट हवेतलं पाणी आतल्या भिंतींना चिकटतं. मग फॉइलमध्ये गुंडाळलेलं चेंबर दोन-दोन दिवस तापवत बसावं लागतं. म्हणून पीएचडी सुरू करणाऱ्यांना कळकळीनं सांगते: क्लस्टर, म्हणजे मोजक्या अणूंचे पुंजके, कोणत्या पातळ थरावर बसवायचे ते क्रिस्टल आत घालण्याआधीच नीट ठरवा.

क्लस्टरचा प्रश्न सोपा आहे. टंगस्टन ऑक्साइडची पूड निर्वातात तापवली की वाफेत मुख्यतः ३ टंगस्टन आणि ९ ऑक्सिजन अणूंची कडी येतात. बहुतेक एकाच मापाची. ती बसवायची कशावर, इथेच खरी मेख आहे.

प्लॅटिनमवर लोखंडाचा जेमतेम एक थर चढवून ऑक्सिजनमध्ये तापवला की लोखंडाचा एक पदर, त्यावर ऑक्सिजनचा एक, असा आयर्न ऑक्साइड तयार होतो. त्याच्या अणूंमधलं अंतर सुमारे ०.३१ नॅनोमीटर, खालच्या प्लॅटिनमचं ०.२८. जाळ्या जुळत नाहीत. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर आल्यावर दिसते तशी मोठी नक्षी उमटते, साधारण २.५ नॅनोमीटरची. या नक्षीत जागोजागी पृष्ठभागाचा विद्युत विभव बदलतो आणि वर पडलेला अणू ठरावीक जागाच धरतो. सोन्याचे सुटे अणू असे नक्षीबरहुकूम बसल्याचं बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं. मात्र ऑक्सिजनचा दाब मिलीबारपर्यंत नेलात तर थर आणखी ऑक्सिजन घेतो आणि पायाच बदलतो.

ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, बनवणं नवख्यालाही जमतं. निकेल-ॲल्युमिनियमचा क्रिस्टल सुमारे १००० केल्विनला तापवून थोडा ऑक्सिजन सोडायचा; ॲल्युमिनियम वर येतं आणि अर्ध्या नॅनोमीटरवर थराची वाढ आपोआप थांबते. त्यात ४.१ नॅनोमीटरच्या अंतरानं थेट धातूपर्यंत जाणारी छिद्रं असतात. पॅलेडियमचे अणू त्यांत शिरतात आणि त्यांच्यावर कण वाढतात. धातूच्या कणांसाठी याला तोड नाही. ऑक्साइडचं कडं मात्र छिद्राशी धातूला टेकलं तर ऑक्सिजन गमावेल, ही मला धास्ती वाटते. मग एसटीएमच्या, म्हणजे सुटे अणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या, चित्रात दिसणारा ठिपका अख्खं कडं आहे की मोडकं, हे नुसतं बघून कळणार नाही.

ऑक्साइड क्लस्टरसाठी माझा कौल आयर्न ऑक्साइडला. फक्त कडी जागची हलू नयेत म्हणून नमुना थंड ठेवणारं एसटीएम मिळणार आहे ना, हे आधी विचारून घ्या. नसेल तर ॲल्युमिना आणि पॅलेडियमनं सुरुवात करा. पहिल्या वर्षात हाती चित्रं तरी लागतील.