जवळचं छोटं हॉस्पिटल की लांबचं मोठं?

घरात एखादं कायमचं दुखणं शिरलं की हा प्रश्न कधी ना कधी समोर येतोच. दहा मिनिटांवर पन्नास-साठ खाटांचं हॉस्पिटल आहे आणि दीड तासावर ते मोठं, जिथे सगळे विभाग एकाच आवारात मिळतात. फाईल कुठे ठेवायची? आम्ही दोन्हीकडे ठेवून पाहिली, आणि अजूनही दोन्हीकडे आहे. पण बाबांची चपला घालून निघायची पहिली दिशा आता ठरली आहे. ती तशी का ठरली, ते सांगतो.

बाबांच्या हृदयातली मायट्रल झडप सहा वर्षांपूर्वी बदलली, मेकॅनिकल बसवली. मेकॅनिकल झडप म्हटली की वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी जुनी गोळी आली, कारण तशा नव्या गोळ्या या झडपेला चालत नाहीत. आणि वॉरफरिन आलं की आयएनआर आला, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा. ज्यांच्या घरी हे आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांच्याकडे डायलिसिस, केमो किंवा इन्सुलिन आहे त्यांनी आयएनआरच्या जागी आपापला आकडा घालून वाचावं.

ऑपरेशन कुठे करायचं, यावर वाद नव्हताच. जिथे हे काम रोज चालतं तिथेच. अमेरिकेत मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या नोंदींवरून २००२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अवघड ऑपरेशनं जिथे जास्त होतात तिथे मृत्यूचं प्रमाण कमी असतं, हे त्यात दिसलं. फरक सगळीकडे सारखा नव्हता; स्वादुपिंड आणि अन्ननलिकेच्या ऑपरेशनांत तो सर्वांत ठळक होता. मला तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं. मी एवढंच पाहिलं, की त्या मोठ्या हॉस्पिटलमधल्या आयसीयूतल्या सिस्टर मॉनिटरकडे न बघता नुसत्या आवाजावरून कुठल्या खाटेवर काय चाललंय ते सांगत होत्या. त्या नऊ दिवसांबद्दल माझी एकही तक्रार नाही.

तक्रार सुरू झाली ती नंतर, साध्या तपासण्यांत.

पहिली तीन वर्षं आम्ही सगळंच तिथे करत होतो. रक्त द्यायला जायचं, दोन तासांत रिपोर्ट मोबाईलवरच्या ॲपमध्ये यायचा. लॅब उत्तम, ॲप चकचकीत. मीच लोकांना कौतुकाने दाखवायचो. मग एका शुक्रवारी संध्याकाळी ॲपवर आकडा आला: ५.२. पुढे लाल बाण, वरच्या दिशेला.

बाबांच्या झडपेसाठी आयएनआर २.५ ते ३.५ च्या दरम्यान हवा. पाचच्या वर म्हणजे रक्त गरजेपेक्षा बरंच पातळ, कुठेही रक्तस्राव होऊ शकतो. हे आम्हाला इतक्या वर्षांत पाठ झालेलं. आता करायचं काय, ते मात्र त्या लाल बाणात लिहिलेलं नव्हतं.

मी फोन लावला. अपॉइंटमेंटसाठी एक, बिलासाठी दोन, रिपोर्टसाठी तीन. तीन दाबलं, तर रिपोर्ट ॲपवर उपलब्ध आहे असं ध्वनिमुद्रित उत्तर. परत लावला, एक दाबलं. पलीकडची मुलगी सभ्य होती, तिचा काही दोष नव्हता. म्हणाली, ‘सर, रिपोर्टबद्दल डॉक्टरांशी बोलायचं असेल तर पुढच्या गुरुवारी दुपारची वेळ आहे. त्रास होत असेल तर इमर्जन्सीला घेऊन या.’ त्रास होत नव्हता. बाबा टीव्ही बघत होते. गुरुवार खूप लांब होता, आणि एक प्रश्न विचारायला रात्री दीड तास गाडीत बसवून इमर्जन्सीत नेणं मला अतिरेकाचं वाटत होतं.

या सगळ्यात चाळीस मिनिटं गेली. आठला बाबांची गोळीची वेळ. ते गोळी तळहातावर घेऊन, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला धरून माझ्याकडे बघत उभे. ‘घेऊ की नको?’

मला माहीत नव्हतं. जगातल्या चांगल्या लॅबपैकी एका लॅबचा रिपोर्ट माझ्या हातात होता आणि गोळी घ्यायची की नाही, एवढं सांगणारं कोणी नव्हतं.

शेवटी जवळच्या हॉस्पिटलमध्ये गेलो, मोबाईलचा स्क्रीन दाखवायला. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी बाबांना हिरड्या दाखवायला सांगितल्या, दंडावर कुठे निळे डाग आहेत का पाहिलं, शौचाचा रंग काळा होता का, अलीकडे पडलात का, डोकं आपटलं का, हे विचारलं. मग नवीन औषध काही सुरू झालंय का, ते. झालं होतं. त्याच मोठ्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या विभागात आठवड्यापूर्वी लघवीच्या संसर्गासाठी एक अँटिबायोटिक दिलं होतं, कोट्रायमोक्साझोल. ते वॉरफरिनचा परिणाम वाढवतं. दोन विभाग, एकच फाईल, आणि ही गोष्ट तिसऱ्याच ठिकाणी एका पोरसवदा डॉक्टरने पकडली. त्यांनी फिजिशियनना फोन लावला, दोन मिनिटं बोलले आणि सांगितलं: आजची आणि उद्याची गोळी बंद, ते अँटिबायोटिक बदलून देतो, रविवारी सकाळी परत सॅम्पल. पंचवीस मिनिटांत आम्ही घरी. (हा हिशोब त्या दिवशीच्या बाबांसाठीचा होता. आकडा बघून घरच्या घरी गोळी बंद करू नका. झडप असलेल्या माणसाचं रक्त घट्ट झालं तर तोही तितकाच मोठा धोका.)

त्या दिवसापर्यंत मी ‘वेळेवर उपचार’ म्हणजे घरापासून गेटपर्यंतचं अंतर समजत होतो. खरा उशीर रिपोर्ट आल्यापासून त्यावर कोणी निर्णय घेईपर्यंत होतो. मोठ्या ठिकाणी रिपोर्ट दोन तासांत यायचा आणि निर्णयाला सहा दिवस लागायचे. जवळच्या ठिकाणी रिपोर्ट संध्याकाळी येतो आणि निर्णय त्याच्यासोबतच येतो.

कसा येतो, तेही बघण्यासारखं आहे. तिथे एक वही आहे. लांबट, लाल कापडी कण्याची, दुकानात हिशेबाला वापरतात तसली. वॉरफरिनवर असलेल्या प्रत्येकाला तिच्यात एक पान. तारीख, आयएनआर, डोस, पुढची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात ‘फोन केला’ची खूण. सकाळी सॅम्पल, दुपारी फिजिशियन येतात, राउंडनंतर वही उघडून बसतात. चार-साडेचारला सिस्टरचा फोन: ‘काकांना आजपासून मंगळवार-शुक्रवार अर्धी, बाकी दिवस पूर्ण. पंधरा दिवसांनी या.’ तारखेला गेलो नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, आणि सूर थोडा वेगळा: ‘काल आला नाहीत?’ ॲपला आम्ही आलो नाही याचं कधी वाईट वाटलं नव्हतं.

आता जवळच्या हॉस्पिटलच्या उणिवा, कारण त्या आहेत. रात्री आठनंतर सीटी स्कॅनचा तंत्रज्ञ घरी असतो. बोलावलं की येतो, पण यायला वेळ लागतो. कार्डिऑलॉजिस्ट आठवड्यातून दोनदाच. आणि खासगीपणा विसरा. बाकावर बसलेल्या दहा जणांसमोर सिस्टर मोठ्याने ‘काका, तुमचा तीन पॉइंट एक!’ असं जाहीर करतात आणि बाकावरचे लोक माना डोलावतात.

सीटीच्या बाबतीत आम्ही घरात पक्का नियम केला आहे. वॉरफरिनवरचा माणूस डोक्यावर आपटला तर तो ठीक दिसत असला तरी स्कॅन लागतो, कारण आतला रक्तस्राव काही तासांनी बाहेर दिसू शकतो. म्हणून दिवसा आपटले तर जवळ, रात्री आपटले तर थेट मोठं. तुमच्या जवळच्या हॉस्पिटलमध्ये तंत्रज्ञ रात्रभर आवारात असेल तर हा नियम तुम्हाला लागू नाही. विचारून ठेवा, आणि ते दिवसा काउंटरवर विचारू नका. एकदा रात्री दहाला सहज जाऊन विचारा. दिवसाचं उत्तर आणि रात्रीचं उत्तर वेगळं असतं.

पक्षाघाताचं गणितही घरोघरी वेगळं निघेल. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग १९९५ च्या अमेरिकन अभ्यासात पहिल्या तीन तासांसाठी दिसला, पुढे २००८ मध्ये ती मर्यादा साडेचार तासांपर्यंत गेली. इंजेक्शनआधी सीटी हवाच, नाहीतर गुठळी आहे की रक्तस्राव ते कळत नाही. मोठी रक्तवाहिनी बंद झाली असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात असा एक अंदाज आहे. त्यामुळे बहुतेक घरांसाठी, जवळ सीटी आणि इंजेक्शन दोन्ही असेल तर जवळचंच बरं. तिथे सुरू करून पुढे हलवता येतं. आमच्या घरी मात्र उलटं. आयएनआर १.७ च्या वर असेल तर ते इंजेक्शन सहसा देत नाहीत, आणि बाबांचा कायमच वर. त्यांच्यासाठी तार घालून गुठळी ओढून काढणारं केंद्र हवं, आणि ते मोठ्या हॉस्पिटलमध्येच आहे.

छातीत दुखलं तर दीड तास हे अगदी काठावरचं अंतर. पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा, आणि निदानापासून दोन तासांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल तर गुठळीचं इंजेक्शन आधी द्यावं, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्यामुळे इथे मात्र मी बाबांनाही आधी जवळ नेईन. ईसीजी तिथे होतो, तो फोटो काढून पुढे पाठवतात, आणि पुढचं दार आपण पोचायच्या आत उघडं असतं. थेट निघालो तर तो दीड तास नुसता रस्त्यात जातो.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. गेल्या पावसाळ्यात एका रात्री बाबांना धाप लागली, आडवं होता येईना. झडप अडकली असेल तर ती मोठ्या हॉस्पिटलचीच केस, हे मला कळत होतं. तरी आधी जवळ नेलं. ऑक्सिजन, ईसीजी, अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारं लॅसिक्स शिरेतून, आणि त्याच डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून बराच वेळ झडपेचा खटका ऐकला. मग म्हणाले, ‘खटका नीट येतोय, पण इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्याशिवाय मी इथे ठेवणार नाही. पुढे न्या.’ वीस मिनिटांत पत्र तयार, ॲम्ब्युलन्स दारात, पलीकडच्या डॉक्टरांशी बोलणं झालेलं. वहीतल्या पानाचा फोटोही सोबत दिला. मोठ्या हॉस्पिटलमध्ये त्या रात्रीच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा काय बघितलं असेल, तर तो फोटो. झडप ठीक निघाली. हृदयाचे ठोके अनियमित झाले होते आणि फुप्फुसात पाणी साठलं होतं. चार दिवसांत घरी.

त्या चार दिवसांत मोठ्या हॉस्पिटलवरचा माझा राग बराच उतरला, हेही कबूल करतो. त्यांचं काम ते चोख करतात. फक्त ते काम म्हणजे बाबांचा रोजचा आयएनआर नाही.

आता वर्षातून एकदा इको आणि झडपेच्या डॉक्टरांची भेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये. बाकी सगळं, म्हणजे आयएनआर, ताप, खोकला, गुडघा, जवळ. आणि कुणीही कुठलंही नवं औषध लिहिलं की पहिला डोस घेण्याआधी वहीवाल्या सिस्टरना फोन.

तुमच्या जवळच्या हॉस्पिटलमध्ये अशी वही नसेल, किंवा डॉक्टर दर तीन महिन्यांनी बदलत असतील, तर माझं म्हणणं तुम्हाला फारसं लागू पडणार नाही. मग मोठ्या हॉस्पिटलमध्येच एखादा असा माणूस शोधा, जो रिपोर्ट आल्यावर स्वतःहून फोन करेल. काही ठिकाणी फक्त याच कामासाठी नर्स असते, वेगळं क्लिनिक असतं. तसं असेल तर दीड तासाचं अंतर मीही सहन केलं असतं.

आणि सगळं एका सिस्टरवर चाललंय, त्या गेल्या तर काय, हा प्रश्न माझ्याही मनात होता. मागच्या महिन्यात त्या रजेवर होत्या. सव्वाचार झाले, साडेचार झाले, मी फोनकडे बघत बसलो. चार पस्तीसला वाजला. नवी मुलगी होती, वहीतून वाचत होती, डोस बरोबर सांगितला, तारीख बरोबर सांगितली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, ‘पण तू कोण?’