रॉल्फिंगची दहा सेशन्स, सात महिन्यांनंतर: फोटोंवर जाऊ नका, चपलेची टाच बघा

रॉल्फिंग म्हणजे हातांनी सावकाश, खोल दाब देत शरीराची ठेवण सुधारायची उपचारपद्धत. त्याची दहा सेशन्स मी घेतली. मागच्या आठवड्यात थेरपिस्टचा मेसेज आला. 'तुमचे आधीचे आणि नंतरचे फोटो पाठवतेय, पुढची तीन सेशन्स बुक करून टाका.' फोटो उघडले आणि डोकंच फिरलं.

पहिल्या फोटोत मी वाकडी, दुसऱ्यात ताठ. पण माझ्यामागची दाराची चौकटही पहिल्या फोटोत डावीकडे कललेली आहे! मोबाइलवरच फोटो फिरवून चौकट सरळ केली, तर माझ्या खांद्यांचा निम्मा तिरकेपणा तिथेच गेला. शिवाय पहिला फोटो मी कामावरून दमून आल्याआल्या काढला होता, आणि दुसऱ्याच्या आधी 'डोकं वर तरंगतंय असं समजा' असं सांगितलं होतं. असं सांगितल्यावर कोण ताठ उभं राहणार नाही?

मला याचा इतका राग का आला, तेही सांगते. ही पद्धत काढणाऱ्या आयडा रॉल्फ या बायोकेमिस्ट होत्या, १९२० मध्ये कोलंबिया विद्यापीठातून पीएचडी झालेल्या. कान, खांदा, खुबा, गुडघा, घोटा एका उभ्या रेषेत आले की गुरुत्वाकर्षण शरीराला ओझं वाटत नाही, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. आणि त्याच पद्धतीचा पुरावा म्हणून दाखवायचा फोटो तिरका? भिंतीवर एक ओळंबा सोडायला, जमिनीवर पावलांच्या खुणा करायला आणि कॅमेरा एकाच उंचीवर ठेवायला असा काय खर्च येतो? सूट मिळते म्हणून मी दहाही सेशन्सचे पैसे आधीच भरले होते, त्यामुळे हे जास्तच लागलं.

आता प्रत्यक्ष अनुभव. दहा सेशन्सचा क्रम ठरलेला असतो, प्रत्येकात शरीराच्या वेगळ्या भागावर काम होतं; सगळं सांगत नाही. माझं सगळ्यात लक्षात राहिलेलं म्हणजे दुसरं, पावलांचं. थेरपिस्टने बोटांच्या पेरांनी तळव्यावर अगदी सावकाश दाब देत जायचं आणि त्याच वेळी मला म्हणायचं, 'घोटा हलवा, हळू.' उजवं पाऊल झालं तेव्हा डाव्याला हात लावण्याआधी मला खोलीभर चालवलं. उजवा तळवा जमिनीवर पसरला होता, पाचही बोटं टेकत होती. डावा मात्र लाकडी ठोकळ्यावर उभं राहिल्यासारखा. तो फरक मी विसरणार नाही.

दुखतं का? दुखतं, पण सोसवतं. श्वास कोंडायला लागला की लगेच थांबायला सांगावं, थांबतात. सातव्या सेशनमध्ये हातमोजा घालून तोंडाच्या आत आणि नाकपुडीतही काम करतात. हे मला टेबलावर आडवं झाल्यावर कळलं. आधी सांगायलाच हवं होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ असतील किंवा पायात गुठळी होऊन गेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

'आम्ही फॅशिया वितळवून नवा आकार देतो' हे वाक्य मी तिथे अनेकदा ऐकलं. फॅशिया म्हणजे स्नायूंभोवतीचं चिवट आवरण. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात उलट दिसलं होतं. मांडीच्या बाहेरच्या आणि तळव्याच्या जाड फॅशियाचा आकार एक टक्का बदलायलाही हाताच्या नेहमीच्या दाबापेक्षा फार मोठा जोर लागेल. त्या अभ्यासकांपैकी एक स्वतः रॉल्फर आहेत, म्हणून मला ते जास्त पटतं. मज्जासंस्था स्नायूंचा ताण सोडते, हे स्पष्टीकरण माझ्या अनुभवाशी जुळतं. पाच मिनिटांत मोकळं झालेलं पाऊल, आणि आठवडाभर सतत बसून काम केलं की पुन्हा आखडणारी मान, दोन्हींचा उलगडा त्याने होतो.

इथपर्यंत काल लिहिलं होतं, आणि शेवटी 'पैसे वाया' असंच लिहिणार होते. आज बाहेर पडताना चपला हातात घेतल्या आणि थांबले.

माझ्या डाव्या चपलेची टाच कितीतरी वर्षं बाहेरच्या बाजूने झिजते. सहा महिन्यांत ती इतकी तिरकी होते की चप्पल फरशीवर ठेवली तर डुगडुगते आणि टाकून द्यावी लागते. हा जोड मी दुसऱ्या सेशनच्या आठवड्यात घेतला होता, नेहमीचाच, त्याच बनावटीचा. सात महिने होत आले. उलटी करून पाहिली. बाहेरची कड थोडी झिजली आहे, पण फरशीवर ठेवल्यावर चप्पल अजिबात हलत नाही. चालणं तेवढंच, रस्ताही तोच. चपलेला कोणी 'ताठ राहा' म्हणून सांगितलेलं नव्हतं, म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसतो. सकाळी उठल्यावरची पहिली पावलं मी लंगडत टाकायचे, तेही बंद झालंय. गाडी मागे घेताना आता नुसती मान वळते, पूर्वी अख्खं धड फिरवावं लागायचं.

उजवा खांदा मात्र होता तिथेच आहे. चौकट सरळ करून पाहिलं, तर आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही फोटोंत तो सारखाच खाली दिसतो.

त्यामुळे 'पैसे वाया' हे मागे घेते. पावलं, घोटे आणि मान यांसाठी पैसे वसूल, खांद्यासाठी नाही. पुढची तीन सेशन्स मी घेतलेली नाहीत. ओळंबा लावून पुन्हा फोटो काढा, तेवढं केलंत तर खांद्यासाठी एक सेशन घेईन, असं त्यांना कळवलंय. अजून उत्तर आलेलं नाही.