बॅच नंबरची बेरीज कोण करतं? एक्सेल की ॲक्सेस

इंदूरच्या दवा बाजारात आमचं औषधांचं होलसेल. मालाची नोंद आधी आठ वर्षं एक्सेलमध्ये, आता तीन वर्षं ॲक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच डेटाबेस प्रोग्राममध्ये. दोन्ही वापरून झालंय, तेव्हा माझा कल लपणार नाही.

एक्सेलइतकं सोयीचं खरंच काही नाही. रकाना हवा, घातला. दुकानातल्या पोराला येतं, सीएसाहेबही तेच मागतात. ओळींची मर्यादा १०,४८,५७६. आमच्यासारख्याला ती कधी आड येत नाही.

आड आला बॅच नंबर. खोक्यावर छापलेलं '१२ई४', त्यातला ई इंग्रजी. पोरानं तसंच टाइप केलं, एंटर मारला, रकान्यात उमटलं '१.२०ई+०५'. एक्सेलनं परस्पर १२ वर चार शून्यं चढवली होती. कुणाच्या लक्षातही आलं नाही. एक्सपायरीचा माल परत पाठवला तेव्हा क्लेम उलटा आला: असा बॅचच नाही! '०४१७' मधलं शून्यही असंच गळायचं. रकाना आधी 'टेक्स्ट' केला तर हे टळतं, कबूल. पण सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) डबल क्लिकनं उघडली की पुन्हा तेच. नव्या एक्सेलमध्ये हे बंद करायची सोय आहे, फक्त ती दर कॉम्प्युटरवर आठवणीनं करावी लागते. जनुकशास्त्रज्ञांनीसुद्धा २०२० मध्ये हात टेकले. 'मार्च१' या जनुकाची तारीख व्हायची, म्हणून त्याचं नावच 'मार्चएफ१' केलं.

ॲक्सेस सुरुवातीलाच विचारतो, इथे अक्षरं की आकडे? एकदा सांगितलं की संपलं. पहिले पंधरा दिवस मात्र मी वैतागलो होतो. गिऱ्हाइकं एका टेबलात, माल दुसऱ्यात, बिलं तिसऱ्यात. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉडनं १९७० साली मांडलेली ही कल्पना भाच्यानं बिलाच्या पाठीवर चौकोन काढून माझ्या गळी उतरवली. फायदा उधारीत दिसला. महूचा एकच दुकानदार एक्सेलमध्ये 'महू', 'म्हऊ' आणि 'डॉ. आंबेडकर नगर' अशी तीन गिऱ्हाइकं होऊन बसला होता. आता गिऱ्हाइकांच्या टेबलात त्याची एकच नोंद, बिलं तिलाच जोडलेली.

तुमची यादी पाच-सातशे ओळींची असेल आणि भरणारे तुम्ही एकटेच असाल, तर एक्सेल पुरे, उगाच खटाटोप नको. पण दोघं-तिघं भरत असतील आणि नंबर बेरजेचे नसून ओळखीचे असतील, तर मी तरी ॲक्सेसकडेच वळेन. सीएसाहेबांना महिनाअखेरी अजूनही एक्सेलच जातं, बॅचचा रकाना वगळून.