व्हीओसीचा ‘शेअर’ कुणी विकत असेल तर

जुने कागद जमवणाऱ्यांनी सावध राहावं म्हणून लिहितोय. पुण्यातल्या एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने मला डच ईस्ट इंडिया कंपनीचा, म्हणजे व्हीओसीचा, १६१२ सालचा ‘शेअर’ ३८ हजारांना गळ्यात मारला. वेंगुर्ल्याच्या डच वखारीशी संबंध असलेल्या घराण्याकडून आलाय म्हणे. वखार खरी आहे, तिचे अवशेष आजही उभे आहेत. त्या जोरावर बाकीची थापही पचली.

कागद देखणा. वर जहाज, भोवती वेलबुट्टी, लाखेचा शिक्का, खाली संचालक म्हणून इसाक ल मेअरची सही. हा माणूस खराखुरा होऊन गेला. ॲमस्टरडॅमचा बडा व्यापारी, बावीस मुलांचा बाप. १६०२ मध्ये कंपनीत ८५,००० गिल्डर (तेव्हाचं डच चलन) घातलेला तिथला सर्वांत मोठा भागधारक. विक्रेत्याला एवढं तोंडपाठ होतं. पुढचं त्याने गाळलं: हिशेबाच्या भानगडीवरून १६०५ मध्येच ल मेअरला कंपनी सोडावी लागली. मग १६१२ ला संचालक म्हणून सही कुठून आली?

ल मेअरही काही साधा नव्हता. १६०९ मध्ये साथीदार जमवून, हातात नसलेले शेअर विकून भाव पाडायचा डाव त्याने टाकला. पुढच्याच वर्षी अशा विक्रीवर बंदी आली. नंतर त्याचा मुलगा याकोब दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून जावाला पोहोचला, तर कंपनीने जहाजच जप्त केलं. पोरगा परतीच्या वाटेवर वारला. बापाच्या थडग्यावर कोरलंय की तीस वर्षांत, अब्रू राखून, दीड लाखावर गिल्डर गमावले.

मुळात व्हीओसी अशी नक्षीदार प्रमाणपत्रं देतच नव्हती. मालकी कंपनीच्या खातेवहीत असायची; शेअर विकला की तिथली नोंद बदलायची. ‘जगातला सर्वांत जुना शेअर’ म्हणून गाजलेला १६०६ चा एन्खाउझन या डच शहरातला कागदसुद्धा खरं तर पैसे भरल्याची पावती आहे. माझ्या कागदावरच्या वेलबुट्टीत भिंगाखाली प्रिंटरचे रंगीत ठिपके स्पष्ट दिसतात. बिलावर त्याने बारीक अक्षरात ‘सजावटीचा कागद’ लिहून ठेवलंय, त्यामुळे वकीलही हात वर करतात. बिलावर ‘अस्सल, १७वं शतक’ असं लिहून घेतल्याशिवाय पैसे सोडू नका.

मी १६०५ चा मुद्दा काढला तेव्हा ‘साहेब, तज्ज्ञांना विचारून सांगतो’ म्हणाला. आता फोन बंद. परवा एका ग्रुपवर तोच शिक्का, तीच सही असलेला कागद विकायला आलाय. साल फक्त बदललंय: १६०४.